आधी पाण्याची वाट, मग रोप: मुंबईतलं कांदळवन सांभाळायला शिकणाऱ्यांसाठी

२६ जुलै ही तारीख मुंबईकराला वेगळी सांगावी लागत नाही. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. युनेस्कोने जागतिक कांदळवन दिन म्हणून निवडलेली तारीखही २६ जुलैच आहे. कांदळवन म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणारं जंगल, इंग्रजीत मॅन्ग्रोव्ह. या दिवसाच्या आसपास कॉलेजचे गट, सोसायट्या आणि ऑफिसातली मंडळी एकच प्रश्न घेऊन येतात: "आम्हाला तिवरं लावायची आहेत, रोपं कुठे मिळतील?"

हा उत्साह मोलाचा आहे, म्हणूनच तो वाया जाऊ नये असं वाटतं. मुंबईत कांदळवन मरतं ते रोपं कमी पडली म्हणून नाही. ते मरतं पाणी अडल्यामुळे, राडारोड्याचा भराव पडल्यामुळे आणि मागे सरकायला जागा न उरल्यामुळे. या तीन गोष्टी नीट असतील तर तिवर आपलं आपण उगवतं, कोणाच्या परवानगीची वाट बघत नाही. नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी खाली जे क्रमाने लिहिलं आहे, त्यात रोप बऱ्याच उशिरा येतं, ते यासाठीच.

पहिला पावसाळा फक्त बघा

आपल्या घराजवळचा एकच तुकडा निवडा. दहिसर, गोराई, चारकोप, मालवणी, वर्सोवा, माहीम, शिवडी, माहुल, विक्रोळी, भांडुप, ऐरोली असा कुठलाही चालेल, पण पायी जाता येईल असा हवा. सगळ्या मुंबईची काळजी एकदम घेऊ नका. बंधाऱ्यावरून किंवा रस्त्यावरून दिसेल तेवढंच बघा आणि एक वही ठेवा. पाणी कुठून आत येतं, कुठपर्यंत येतं, कुठे साचून राहतं, कुठली झाडं पिवळी पडली आहेत, ट्रक कुठे रिकामे होतात हे त्यात लिहा. प्रत्येक वेळी ठरलेल्या जागी उभं राहून, ठरलेल्या दिशेने एक फोटो घ्या. वर्षभराने हे फोटो शेजारी शेजारी ठेवले की जे दिसतं, ते एका भेटीत कधीच दिसत नाही.

सुरुवातीची ओळख करून घ्यायला ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र चांगलं आहे. ते राज्याच्या वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं आहे. हा स्वतंत्र कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला. केंद्र ज्या ठाणे खाडीकाठी आहे, तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

झाडं ओळखा, पण सहा-सातच

मुंबईत सगळ्यात जास्त दिसतं ते तिवर. पान वरून हिरवं, खालून पांढरट. पान जिभेला लावलं तर खारट लागतं, कारण हे झाड जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. त्याच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं वर आलेली असतात. ही श्वासाची मुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड ती वरून घेतं. एवढी एक गोष्ट पक्की समजली की पुढचं बहुतेक सगळं कळतं: ही मुळं बुजली, तुडवली गेली किंवा दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली की झाड गुदमरतं.

खाडीच्या तोंडाशी, पाण्याच्या कडेला उंच वाढलेली चिपी दिसते. तिच्या फळाच्या बुडाशी फुलाखालच्या निदलांची चांदणी चिकटून राहते. तिच्यातली पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. कांदळ ओळखायला सोपा, कारण त्याची मुळं खोडापासून कमानीसारखी निघून चिखलात उतरतात आणि त्याचं बी झाडावरच रुजून लांब शेंगेसारखं लोंबतं. काटेरी पानांची, निळसर-जांभळ्या फुलांची मारांडी झुडपासारखी पसरते. याशिवाय काजळा आणि किरकिरी माहीत असाव्यात. हुऱ्याच्या फांद्या मात्र मोडू नका. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो.

भरतीचं गणित तिथीवरून

भरती-ओहोटीचं वेळापत्रक फोनवर मिळतं, तरी तिथीचा जुना हिशोब पाठ असू द्या. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. पंचमी असेल तर पाचाचे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी.

याचा उपयोग असा. उधाणाची भरती मुंबईत दुपारी बाराच्या आसपास येते. त्या वेळी बंधाऱ्यावर उभं राहून पाणी जास्तीत जास्त कुठपर्यंत पोचतं ते बघायचं आणि खूण करून ठेवायची. आत उतरून करायची कामं मात्र भांगाच्या दिवसांत ठेवा. तेव्हा ओहोटी दुपारी येते आणि वरच्या पट्ट्यात पाणी फारसं चढत नाही. पाणी फिरायच्या आधी बाहेर पडायचं. एकट्याने जायचं नाही. चिखल गुडघ्यापर्यंत ओढतो आणि घाईत बूट अडकून बसतो.

आणखी एक बाब नवख्यांना गोंधळात टाकते. "आज ४.६ मीटरची भरती" असं बातमीत सांगतात, तो आकडा तुमच्या पायापाशी असलेल्या पाण्याची खोली सांगत नाही. तो नाविक नकाशांच्या शून्य पातळीपासून मोजलेला असतो आणि त्या मोजणीत मुंबईची सरासरी समुद्रपातळी सुमारे अडीच मीटरवर येते. कांदळवन साधारणपणे या सरासरी पातळीच्या वर आणि उधाणाच्या रेषेच्या खाली वाढतं. सरासरीच्या खालचा उघडा चिखल कांदळवनाचा नाही. ती रोहित पक्ष्यांची (फ्लेमिंगोंची) आणि इतर पाणपक्ष्यांची खाण्याची जागा आहे. "इथे काहीच नाही, इथे झाडं लावू" असं म्हणून तिथे रोपं खोचणं म्हणजे एक जिवंत जागा मोडून दुसरी उभी करायचा प्रयत्न करणं, आणि बहुतेक वेळा ती रोपं वाहूनही जातात.

जागा कोणाची, परवानगी कोणाची

यात सवलत नाही. सरकारी जमिनीवरचं बरंचसं कांदळवन राखीव वन म्हणून अधिसूचित झालेलं आहे. आत जाऊन लागवड, खोदकाम किंवा मोठी सफाई करायची असेल तर कांदळवन कक्षाची लेखी परवानगी घ्या. जमीन खासगी असली तरी मालकाला झाडं तोडायची मुभा मिळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने राज्यभर कांदळवनाच्या तोडीवर आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातल्या बांधकामावर बंदी घातली. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने पुढे जाऊन म्हटलं की कांदळवनाचा नाश हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेतही १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटर राखीव पट्टा आहे. खिडकीतून खाडी दिसावी म्हणून शेंडे छाटून घेणाऱ्या सोसायट्यांना हे शांतपणे समजावून सांगा. अनेकांना खरंच माहीत नसतं.

पाण्याची वाट शोधा

खरं काम इथे सुरू होतं. पहिल्या पावसाळ्यात तुम्ही जी वही भरली, ती आता उघडा.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिवराची चपटी, हिरवट फळं पिकून पाण्यात पडतात. साल गळून पडते आणि ती तरंगत भरतीबरोबर फिरतात. तुमच्या तुकड्यात त्या दिवसांत पाण्याच्या कडेला ही फळं शोधा. फळं येत आहेत, चिखलात दोन-चार पानांची पिल्लंही दिसत आहेत, म्हणजे जागा निरोगी आहे. तिथे लागवडीची गरज नाही, तिला नुसती राखण हवी. फळं येतात पण पिल्लं टिकत नाहीत, तर तिथे काहीतरी त्यांना मारतंय. फळंच येत नाहीत, म्हणजे भरतीचा रस्ता बंद झालाय. कुठलंही रोप विकत आणण्याआधी या तीनपैकी आपलं कोणतं, ते ठरलं पाहिजे.

रस्ता बंद होण्याची कारणं मुंबईत ठराविक आहेत. रस्ता बांधताना खाली टाकलेली मोरी गाळाने किंवा प्लास्टिकने बुजलेली असते. कधी पाइप इतका अरुंद किंवा इतका उंच बसवलेला असतो की फक्त उधाणाचंच पाणी आत येतं. खारं पाणी अडवायला घातलेल्या जुन्या बांधाची (खारबंदिस्तीची) उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, कायमची बंद पडलेली असते. कधी रात्रीत मुरुम-डेब्रिज टाकून मुद्दाम बांध घातलेला असतो, कारण पाणी अडवलं की झाडं आपोआप वाळतात आणि तोडल्याचा आरोप कोणावर येत नाही. ही शेवटची पद्धत ओळखायला शिका.

जमीन स्वतः बरंच सांगते. भेगा पडलेली, मिठाचा पांढरा थर आलेली जमीन म्हणजे पाणी क्वचित पोचतं आणि उन्हात आटून मीठ मागे ठेवतं. तिथे मोरस दिसेल, बुटकी, मांसल पानांची, जिची खारट भाजी आपल्याकडे कित्येक घरांत होते. उलट उंच पाणकणीस माजलेलं असेल, तर भरती बंद आणि सांडपाणी चालू आहे असं समजा. काळं, वास मारणारं पाणी दिवसेंदिवस उभं आणि त्यात वाळलेली तिवरं असतील, तर पाणी आत आलं पण बाहेर पडलं नाही. भरतीइतकीच ओहोटीही झाडाला लागते.

उपाय बहुधा साधा असतो: मोरी मोकळी करणं, पाइप खालच्या पातळीला बसवणं, बांध फोडणं, भराव उचलून जमीन पूर्वीच्या उंचीला आणणं. तामिळनाडूत पिचावरमला खारावलेल्या ओसाड जागेत एक मुख्य चर आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरके फाटे, असे माशाच्या काट्यासारखे चर खणून भरतीचं पाणी आत नेलं आणि तिथे कांदळवन पुन्हा उभं राहिलं. यातलं काहीही नागरिकांनी फावडं घेऊन परस्पर करायचं नाही. चुकीचा चर पाणी आणण्याऐवजी काढून नेतो, आणि पलीकडे वस्ती असेल तर पाणी तिथे शिरतं. तुमचं काम पुरावा गोळा करण्याचं आहे. कुठली मोरी, कोणत्या तारखेपासून, भरतीच्या वेळी तिच्या दोन्ही बाजूंना पाणी किती, हे फोटोसकट मांडा आणि कांदळवन कक्ष व महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयापुढे ठेवा. असा कागद हातात असला की अधिकाऱ्यालाही काम काढणं सोपं जातं.

लावायचंच ठरलं तर

पाणी सुरळीत झालं, तरी बी पोचत नाही अशी जागा उरते. तिथे लागवडीला अर्थ आहे. शेजारच्या जिवंत पट्ट्यात, त्याच उंचीवर जे वाढतंय तेच लावा. सगळीकडे एकच जात लावण्याचा मोह टाळा. रोपवाटिका खाडीकाठीच हवी, खाडीच्याच गाळात आणि भरतीचं पाणी मिळेल अशा ठिकाणी, म्हणजे रोपाला पहिल्या दिवसापासून मिठाची सवय राहते. लागवड पावसाळ्यात करावी, कारण तेव्हा पाण्याचा खारटपणा उतरलेला असतो. कांदळाची पिकलेली शेंग थेट चिखलात लावता येते. टोकदार बाजू खाली, साधारण एक तृतीयांश लांबी आत, एवढंच. तिवराचं रोप पिशवीतून काढून लावा आणि ती पिशवी न विसरता परत आणा. खत घालू नका.

किती लावली हा आकडा फलकावर लिहू नका. एका वर्षाने किती उभी आहेत आणि तीन वर्षांनी किती, हे मोजा.

मोठ्या प्रकल्पांच्या बदल्यात होणाऱ्या लागवडीकडेही याच नजरेने बघायला हवं. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघरमधली सुमारे २०,००० कांदळझाडं तोडायला परवानगी दिली. बदल्यात कितीही रोपं लावली तरी जुन्या झाडाखाली वर्षानुवर्षं साठलेला गाळ आणि त्यातला कर्ब नव्या रोपाबरोबर येत नाही. कांदळवनाचा बहुतेक कर्ब लाकडात नसून या चिखलातच असतो.

सफाई: कमी माणसं, जास्त वेळा

शंभर जणांनी एका सकाळी आत शिरून पोती भरणं फोटोत छान दिसतं, पण दोनशे पाय श्वासाच्या मुळांवरून फिरतात. आठ-दहा जणांचा गट, ठरलेली एकच पायवाट आणि दर महिन्याला एक फेरी असं ठेवा. आधी कापड, जाळ्यांचे तुकडे आणि प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या काढा, कारण त्याच मुळांना आणि कोवळ्या रोपांना गुंडाळून बसतात. चिखलात खोल रुतलेलं ओढून काढू नका, मुळं तुटतात. गळून पडलेली पानं आणि वाळक्या फांद्या कचरा नाहीत, त्या तिथेच राहू द्या. खेकड्यांपासून कोळंबीपर्यंत अनेकांचं पोट त्यावर चालतं. गमबूट आणि जाड हातमोजे लागतातच, काच आणि सुया सापडतात. गोळा केलेला कचरा त्याच दिवशी उचलला जाईल याची वॉर्डाकडून आधी खात्री करून घ्या. बंधाऱ्यावर ठेवलेली पोती पुढच्या उधाणात परत आत जातात.

सप्टेंबरमधल्या अळ्या

पावसाळा सरताना काही वर्षी तिवराची पानं अचानक जाळी होऊन जातात, पट्टेच्या पट्टे तपकिरी दिसतात आणि "विष घातलं" अशी ओरड होते. बहुतेक वेळा ही सागाच्या पानांवर वाढणारी अळी असते, जी तिवरावरही येते. फांदी जवळून बघा: अळ्या, त्यांची विष्ठा, पानाच्या उरलेल्या शिरा दिसतील. काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. औषध फवारू नका, फवारू देऊ नका. ते विष थेट खाडीत उतरतं. झाडं खरंच मारली जात असतील तर पानं न कुरतडता सुकलेली असतात आणि आसपास भराव, बांध किंवा खोडावर घाव सापडतो.

कोळीवाड्यात आधी जा

हे खरं तर पहिल्याच ओळीत सांगायला हवं. खाडीवर जगणाऱ्या माणसांना न विचारता तिथलं कुठलंही काम ठरवू नये. चिंबोरी, निवटी, कालवं, बोय, जिताडा हे सगळं कांदळवनाच्या आधाराने वाढतं, आणि ते कधीपासून कमी झालं हे मासळी विकणाऱ्या मावशी नेमकं सांगतात. वयस्कर कोळी काकांना विचारा, "पूर्वी पाणी कुठपर्यंत यायचं? होडी कुठवर जायची?" कुठल्याही नकाशात नसलेली उत्तरं मिळतात. खाडीकाठच्या लोकांना खेकडापालन, शोभिवंत मासे, पर्यटन यांतून उत्पन्न मिळावं म्हणून राज्य सरकारने २०१७ मध्ये कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना सुरू केली. तुमच्या भागातल्या गटाला तिची माहिती नसेल तर कांदळवन कक्षाशी गाठ घालून द्या. अर्ज भरायला मदत करणं हेसुद्धा कांदळवन राखण्याचंच काम आहे.

मागे सरकायला जागा

समुद्राची पातळी वाढते आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या अहवालानुसार २००६ ते २०१८ या काळात जगभरात ती सरासरी वर्षाला ३.७ मिलिमीटरने वाढली. कांदळवन याला दोन प्रकारे तोंड देतं. मुळांत गाळ अडवून ते आपली जमीन उंच करत जातं, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमिनीच्या दिशेने सरकतं. वाढीचा वेग वर्षाला सहा-सात मिलिमीटरच्या पुढे गेला तर पहिला उपाय पुरणार नाही असं शास्त्रज्ञांचं अनुमान आहे. दुसरा उपाय मुंबईत आपण भिंत बांधून बंद करतो. समोरून पाणी चढतंय, मागे काँक्रीट, मध्ये झाडं.

त्यामुळे मुंबईपुरता माझा आग्रह असा आहे की कांदळवनाच्या मागच्या रिकाम्या जमिनींची काळजी कांदळवनाइतकीच करावी. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची मिठागरं, बंद पडलेली खाजणं, ५० मीटरचा राखीव पट्टा, या जागा आज ओसाड दिसतात. उद्या तिवर तिथेच जाईल, आणि मुसळधार पाऊस व उधाण एका वेळी आले की पाणीही तिथेच थांबेल. तुमच्या तुकड्याच्या मागे काय आहे, ते कोणाच्या नावावर आहे आणि विकास आराखड्यात त्यावर काय दाखवलंय, ही माहिती वहीत पहिल्या पानावर हवी. तिथे संरक्षक भिंत, रस्ता किंवा भराव प्रस्तावित असेल तर हरकती-सूचनांची मुदत चुकवू नका. काम सुरू झाल्यावर फार थोडं हातात उरतं.

तक्रार करताना

भराव टाकणाऱ्या ट्रकला अडवू नका, वाद घालू नका. सुरक्षित अंतरावरून फोटो घ्या. फोटोत एखादी ओळखीची इमारत किंवा विजेचा खांब येऊ द्या, फोनमधलं ठिकाण चालू ठेवा, तारीख आणि वेळ लिहा, दिसला तर गाडीचा नंबर. जागेचा सर्व्हे किंवा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक मिळाला तर तक्रारीचं वजन वाढतं. कांदळवन कक्ष, जिल्हाधिकारी आणि पोलीस ठाणे अशा तिघांना लिहा. २०१८ च्या निकालानंतर देखरेखीसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे, तिलाही प्रत पाठवा. पोच घ्या. महिन्याभरात काही हललं नाही तर माहिती अधिकारात कारवाईचा तपशील मागा. तक्रार गटाच्या नावाने करा, एकाच माणसाचं नाव पुढे राहू देऊ नका.

वर्ष संपलं की वहीची एक प्रत कांदळवन कक्षाला आणि एक जवळच्या कॉलेजच्या वनस्पतीशास्त्र विभागाला द्या. मग उधाणाच्या खुणेपाशी परत जाऊन बघा, पाणी यंदा कुठे पोचलं.